अध्यक्षांची सही

तोंडात घास असलेल्या माणसाला काही विचारू नये. जळगावच्या आमच्या कॉलनीत बाग बचाव समितीचा अध्यक्ष मी झालो तो असाच. डिसेंबरातली भरीत पार्टी होती. ताटात भरीत, त्यावर कच्चं तेल, शेजारी कांद्याची पात आणि हातात कळण्याची भाकरी. नाना म्हणाले, "पोरांनी बागेची पार वाट लावली. समिती पाहिजे. अध्यक्ष कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी "अंहं" म्हणालो, ते घासामुळे "हं हं" असं बाहेर पडलं. टाळ्या.

पार्टी बागेतच होती. वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा जाळ केला होता, तोही थेट हिरवळीवर. सकाळी तिथे बैलगाडीच्या चाकाएवढा काळा गोल. समितीच्या पहिल्या इतिवृत्तात त्याची नोंद 'अज्ञात समाजकंटकांनी हिरवळ जाळली' अशी आहे. लिहिलं नानांनी, खाली सही माझी.

बाग म्हणजे ले-आउटमधली ओपन स्पेस. दोन झोके, त्यातल्या एकाला साखळ्या आहेत पण बसायला फळी नाही. घसरगुंडीचा शेवटचा पत्रा निघालाय, त्यामुळे पोरं शेवटचे दीड फूट हवेतून येतात आणि त्यांना तेच आवडतं. बाकावर बदामात इंग्रजी आर आणि एस कोरलेत. निम्म्या घरांत कुणी ना कुणी आर आहे, म्हणून चौकशी कुणी फार ताणली नाही.

खरा छळ नळाचा. पितळी तोटी बसवली, आठवड्यात गेली. दुसरी बसवली, तीही गेली. तिसरी प्लास्टिकची आणली. ती कुणी नेली नाही, पण पिळून पिळून तिचा कान तुटला आणि रात्रभर पाणी झोक्याखाली साचलं. शेवटी मी चिंधी गुंडाळून लाकडी खुंटी ठोकली. ती अजून आहे. भंगारात तिला भाव नाही.

नाना कायद्याचे भक्त. त्यांनी वर्गणीतून टिनाची पाटी रंगवून घेतली: 'सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, १९८४. पाच वर्षांपर्यंत कैद व दंड.' मार्चमध्ये वाजतगाजत उभारली. चौथ्या दिवशी पाटी गायब. नुसते दोन खांब, क्रिकेटच्या स्टंपांसारखे. पोरांनी त्यांचा तसाच उपयोग सुरू केला.

मग पहारा. घरटी दोन तास, पुरावा म्हणून ग्रुपवर फोटो. नाना रोज एकच फोटो टाकतात, हे मला त्यातल्या कुत्र्यावरून कळलं. ते पंधरा दिवस एकाच पायाने कान खाजवत होतं. मी प्रामाणिकपणे बसायचो. जळगावचं ऊन म्हणजे काय ते इथल्याला सांगायला नको. पारा चव्वेचाळीसला टेकला की बाकावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. पोरं मात्र अनवाणी खेळायची आणि मला विचारायची, "काका, तुम्हाला घरी बसू देत नाहीत का?"

अशात बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस आले. ज्वारीचा लसूण-मिरची घातलेला घाटा आमच्या परसातल्या चुलीवर शिजायचा आणि पातेली बागेत जायची. पाच घरांचे बिबडे, गच्ची पुरेना. खाटा आल्या, जुन्या साड्या अंथरल्या गेल्या आणि राखणीला अमळनेरकडच्या जिजी काठी घेऊन कडुलिंबाखाली बसल्या. एक पोरगा झोक्याच्या दांडीवर चढला. जिजी ओरडल्या, "तठे कसाले चढना रे? मन्हा बिबडा मोडतीन!" पोरगा खाली. दुसऱ्या दिवशी तोच कावळे हाकलत होता. मजुरी काय, तर वाटीभर गरम घाटा आणि त्यावर तेलाची धार. एवढ्यासाठी मीही दांडीवरून उतरलो असतो.

तीन आठवडे बागेतला एक नट हलला नाही. संध्याकाळी बाया सुकलेले बिबडे उचलायला यायच्या आणि अंधार पडेस्तोवर बोलत बसायच्या, त्यामुळे कोपऱ्यात पत्ते कुटणारं टोळकंही दुसरीकडे गेलं. माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. तो म्हणाला, "मामा, अमेरिकेतल्या जेन जेकब्स नावाच्या बाईंनी हे १९६१ सालीच लिहून ठेवलंय. जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे, बसलेल्यांचे डोळे असतात तिथे चौकीदार लागत नाही." मी ते जिजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिनाबी बिबडा व्हतात का रे भो?"

नानांना हे पटेना. सार्वजनिक जागेत खासगी वाळवण म्हणजे अतिक्रमण, असं म्हणत ते नोटीस टाइप करून थेट आमच्या परसात आले, मीही मागोमाग. एरवी मी परसात जात नाही. गेलं की काम लागतं. चुलीपाशी बायको घाटा ढवळत होती. वारा लागू नये म्हणून चुलीला टिनाचा आडोसा होता. त्यावर काजळीतून 'पाच वर्षांपर्यंत कै' एवढंच दिसत होतं.

"अगं, ही पाटी!"

"चार दिवस उभी होती. कुणी वाचत नव्हतं," बायको म्हणाली. "नाना, उभे का? बसा, घाटा उतरलाय."

नाना बसले. नोटीस त्यांनी गरम वाटीखाली धरली. दुसरी वाटी संपल्यावर इतिवृत्ताची वही मागवली आणि लिहिलं, 'हरवलेली पाटी सापडली. उपयोगात आहे.'

खाली सही माझी.