आठ महिने, चुकीचा गुडघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हाडांच्या सौम्य गाठींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "पुतण्याचा गुडघा आठ महिने दुखत होता. वाढीचं वय म्हणून घरी पाठवलं. शेवटी खुब्याजवळ ऑस्टिऑइड ऑस्टिओमा निघाला. आणि तुम्ही म्हणता घाई नको! पहिल्याच दिवशी एमआरआय का नाही? गाठ दिसली की तुकडा का तपासत नाहीत?"

राग रास्त आहे. 'सौम्य गाठ, म्हणून घाई नको' हे माझं वाक्य फारच सरसकट होतं, आज बदललं. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही हाडातली छोटी गाठ कॅन्सर नव्हे, पण पोराला रात्र रात्र झोपू देत नाही. तिला सौम्य म्हणणं मायक्रोस्कोपखाली ठीक.

एमआरआयबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. गुडघा दुखतो म्हणून तो गुडघ्याचाच झाला असता आणि स्वच्छ आला असता. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यावर हात ठेवून सांगतात. म्हणून अशा मुलाचा खुबा फिरवून पाहायलाच हवा. समजा, खुब्याचा केला असता, तरी घोळ होऊ शकतो. या गाठीचा गाभा, म्हणजे निडस, बहुधा दीड-दोन सेंटिमीटरच्या आतला. भोवतीच्या मज्जेत एवढी सूज असते की एमआरआयमध्ये तीच डोळ्यांत भरते आणि जंतुसंसर्गाची, नाहीतर त्याहून वाईट शंका येते. निडस नेमका दिसतो तो पातळ कापांच्या सीटी स्कॅनमध्ये.

राहून गेला तो प्रश्न: रात्री जास्त दुखतं का, आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळीनं थांबतं का? निडस प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं वाढवणारं रसायन, भरपूर तयार करतो आणि या गोळ्या तेच अडवतात. (जुन्या पुस्तकांत इथे अ‍ॅस्पिरिन आहे. मुलांना ते आपल्या मनानं देऊ नका, राय सिंड्रोमचा, म्हणजे यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मीळ आजाराचा धोका असतो.) वाढीच्या वयातलं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं, सकाळी मूल पुन्हा पळत असतं. एकाच पायात, पुन्हा पुन्हा त्याच जागी दुखत असेल, मूल लंगडत असेल, तर वाढीवर ढकलू नये.

तुकडा तपासण्याबद्दल, म्हणजे बायोप्सीबद्दल: नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा ही मुलांच्या हाडातली दुसरी एक सौम्य गाठ. तो साध्या एक्स-रेवर ओळखू येतो आणि बहुधा आपोआप भरतो, तिथे सुई घालून काय मिळवायचं? आणि गाठ खरंच घातक असली, तर बायोप्सीचा छेद चुकीच्या जागी घेणं महागात पडतं, कारण ती वाटसुद्धा गाठीबरोबर काढावी लागते. अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये घातक गाठींच्या 329 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायोप्सीतल्या चुकांपायी 4.5 टक्के जणांचा हात किंवा पाय नाहक कापावा लागला होता.

पुतण्याचे उपचार झालेत की नाही, ते तुम्ही लिहिलं नाहीत. सीटीच्या मदतीनं निडसमध्ये सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सीनं, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेनं तो साधारण 90 अंशांवर पाच-सहा मिनिटं जाळतात. रात्रीचं दुखणं बऱ्याचदा काही दिवसांतच जातं. ठरवण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: निडस हाडाच्या वाढीच्या पट्टीपासून आणि मोठ्या नसांपासून किती लांब आहे?