‘सिंगापूरला व्हिसा लागत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘सिंगापूर तीन दिवसांत, एजंटशिवाय, व्हिसाशिवाय’ अशा ठळक शीर्षकाचा एक लांबलचक संदेश सध्या नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि भिशीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. व्हिसाची गरज नाही, दिलेल्या लिंकवर पैसे भरून ‘अरायव्हल कार्ड’ (आगमनाची ऑनलाइन नोंद) घेतले की काम झाले, च्युइंगम चघळताना सापडलात तर थेट तुरुंग, खाण्याच्या वस्तू मात्र हव्या तेवढ्या न्या कारण तिथे शाकाहाऱ्यांची उपासमार होते, आणि तीन दिवसांत अख्खे शहर पाहून वर मलेशियाही उरकता येतो, असा त्याचा एकूण आशय आहे. हा संदेश वाचून माझ्या मावशीने कॉलेज रोडवरच्या एजंटला व्हिसाचे काम थांबवायला सांगितले, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

सर्वांत घातक मुद्दा व्हिसाचाच आहे. त्यात एक अर्धसत्य दडलेले आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सिंगापूरच्या इमिग्रेशन अँड चेकपॉइंट्स ऑथॉरिटीच्या, म्हणजे आयसीएच्या संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टधारकांसाठी 96 तासांच्या व्हिसामुक्त संक्रमण सवलतीची माहिती खरोखरच दिलेली आहे. मात्र ही सवलत सिंगापूरमार्गे तिसऱ्या देशात जाणाऱ्या किंवा तिथून परतणाऱ्या प्रवाशासाठी आहे. त्याच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा अथवा दीर्घ वास्तव्याचा परवाना असावा लागतो आणि 96 तासांच्या आत पुढे जाण्याचे पक्के तिकीटही असावे लागते. मुंबईहून सिंगापूरला जाऊन तिथूनच मुंबईला परतणारा माणूस या व्याख्येत कुठेच बसत नाही. संदेश लिहिणाऱ्याने पानावरचा ‘96 तास’ एवढाच आकडा उचलला आणि त्याखालच्या अटी सोयीस्करपणे गाळल्या.

याचा परिणाम काय होतो, तेही पाहा. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून सिंगापूरला थेट विमान नाही, त्यामुळे नाशिककर रात्री-बेरात्री कसारा घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठणार, आणि तिथे काउंटरवरची कर्मचारी व्हिसाची प्रत मागणार. ती नसेल तर विमान कंपनी प्रवाशाला चढूच देत नाही. तिकिटाचे आणि हॉटेलचे पैसे पाण्यात जातात, आणि ‘जसा आला तसा पाठवला’ म्हणणारे सद्गृहस्थ नामानिराळे राहतात. व्हिसाचे सरकारी शुल्क 30 सिंगापूर डॉलर आहे. अर्ज अधिकृत एजंटमार्फत किंवा सिंगापूरचा नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या परिचितामार्फत करावा लागतो. तेव्हा ‘एजंटशिवाय’ हा दावाही बहुतेकांच्या बाबतीत फोल ठरतो.

अरायव्हल कार्ड हे प्रकरण याहून वेगळे आहे. ते सर्वच परदेशी पर्यटकांना भरावे लागते, पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरता येते, आणि आयसीएच्या संकेतस्थळावर त्याला एक पैसाही लागत नाही. संदेशातली लिंक त्या संकेतस्थळाची नाही. जिथे पैसे मागितले जातात तिथे पासपोर्ट क्रमांक आणि कार्डाचे तपशील देऊ नयेत, इतके तरी घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगावे. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हेही त्याच पानावर स्पष्ट लिहिलेले आहे.

च्युइंगमच्या मुद्द्यावर हसावे की चिडावे, हेच कळत नाही. तिथे 1992 पासून बंदी आहे ती च्युइंगमच्या आयातीवर आणि विक्रीवर. चघळणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, आणि 2004 पासून औषधी प्रकारांना सूट आहे. सोबत च्युइंगम नेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या संदेशात गमवर एवढा थयथयाट आहे, त्यातच ‘खाण्याच्या वस्तूंना कस्टमवाले हात लावत नाहीत’ असे बिनदिक्कत लिहिले आहे, आणि खरा धोका नेमका तिथे आहे. खसखस आपल्याकडे वाण्याच्या दुकानात सहज मिळते. सिंगापुरात मात्र ती अफूच्या झाडाचे बी म्हणून अमली पदार्थ विभागाच्या नियंत्रणाखाली येते आणि परवानगीशिवाय आणता येत नाही. पुतण्यासाठी म्हणून मावशीने बाजूला काढलेल्या डब्यात खसखशीवर थापलेले अनारसे होते, शेजारी गोडा मसाल्याची पुडी होती, आणि त्या मसाल्यातही खसखस भाजून घातलेली होती. चिवडा, शंकरपाळे खुशाल न्यावेत; हे दोन पदार्थ घरीच ठेवावेत. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांनाही तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागू शकते, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवून आधी चौकशी करावी. ई-सिगारेट तर अजिबात नेऊ नये.

उपासमारीचा मुद्दा दोन वाक्यांत निकालात निघतो. लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीत सेरंगून रोडवर 1947 पासून चालणारे ‘कोमला विलास’ शुद्ध शाकाहारी आहे आणि आसपास इतरही पर्याय आहेत. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे बाटल्यांची पेटी उचलून नेण्याची गरज नाही. फक्त मेट्रोत घोटभर पाणीही पिऊ नये, कारण तिथे खाण्यापिण्याला 500 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे.

मेट्रोत बँकेचेच कार्ड टेकवून जाता येते, हा संदेशातला एकमेव बिनचूक सल्ला. मात्र व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचे बँक कार्ड प्रत्येकाचे वेगळे लागते, नवरा-बायकोला एकावर भागवता येत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशातले आणि कार्ड टेकवून करायचे व्यवहार मुळात बंद असतात, ते निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावेत.

राहिला कार्यक्रम. संदेशात एकाच संध्याकाळी गार्डन्स बाय द बे ही बाग आणि नाइट सफारी हे रात्रीचे प्राणिसंग्रहालय घातले आहे. गार्डन्समधला मोफत प्रकाशखेळ रात्री 7:45 आणि 8:45 ला असतो. नाइट सफारी 7:15 ला उघडते, पण ती शहराच्या उत्तर टोकाला मंडाई नावाच्या भागात आहे, आणि गार्डन्स दक्षिणेला समुद्रालगत. दोन्हींना वेगवेगळी संध्याकाळ द्यावी. मलेशियाचा पूल जेमतेम एक किलोमीटरचा असला, तरी जाता-येता दोन्ही देशांच्या तपासण्यांत तास जातात. पहिल्या, तीन दिवसांच्या भेटीत मलेशिया वगळावा, आणि सेंटोसा या सहलीच्या बेटासाठी एक पूर्ण दिवस राखावा.