कोपऱ्यातला विठोबा

आज घरी येताना चौकातला फ्लेक्स पाहिला आणि डोकंच फिरलं. 'वारकऱ्यांचे हार्दिक स्वागत'. वर दोन साहेब, खाली गॉगलवाल्या कार्यकर्त्यांची रांग आणि पार कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा विठोबा. आणि म्हणे हे परंपरा जपतात!

कुठली हो परंपरा? दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे नोकर. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. आपली मान जाईल हे त्यांना कळत नव्हतं? कान्होपात्राही त्याच गावची. बादशहाचं बोलावणं आलं, तिनं विठ्ठलाच्या पायाशी जीव सोडला, पण गेली नाही. तिचं तरटीचं झाड देवळात दाखवतात. तिथं हात जोडताना साहेबांना काहीच वाटत नसेल?

लहानपणी मी आजीबरोबर दर्शनबारीत होतो. कुणी बडी असामी आली म्हणून बारी थांबवली. पोलीस म्हणाला, "आजी, मागं सरा." ती कसली सरतेय! तिथंच फतकल मारली, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यालाच दिला. "खा लेकरा, उन्हातानाचा उभा हाईस. आन् सायबाला सांग, देव काय पळून चालला न्हाई, बारीत ऱ्हा." पोलीस हसला. लाडू खाल्ला त्यानं.

तिला ना कुणाची भीती होती, ना कुणाचा राग. मंत्र्यासंत्र्यांपेक्षा मोठा मालक तिनं आधीच धरला होता, एवढंच. अशा बाईला फ्लेक्स लावून काय भुलवणार तुम्ही?

बरं, टँकर, फिरते दवाखाने सरकार पुरवतं, मान्य. माउलींच्या पालखीपुढे शितोळे सरकारांचे अश्व पूर्वीपासून आहेत, तेही मान्य. पण घोडा दिला म्हणून पालखीत बसायचं नसतं!

आषाढीची शासकीय महापूजा मात्र मला आवडते, खरंच. बारीतलं एक साधं जोडपं मुख्यमंत्र्यांच्या शेजारी उभं असतं. 2018 साली आंदोलनामुळे मुख्यमंत्र्यांना पंढरपूरला जाता आलं नाही, तरी पूजा झाली, बारी चालली, विठोबाचं काही अडलं नाही. आजी असती तर म्हणाली असती, "मग? अडायचं कशाला?"

आता कमेंटमध्ये 'वारीत राजकारण नको' म्हणणारे येतीलच. या. फक्त आधी तो चौक बघून या. मी फोटो काढलेत, उद्या तक्रार देतोय. बरोबर कोण येतंय तेवढं सांगा.