लाथेला पेंड

सकाळी साडेनऊला आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि दुपारी पावणेदोनला बाहेर पडले. गुडघा राहिला बाजूला, माझंच डोकं ठणकतंय. दवाखान्याचं नाव सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. तुमच्या घराजवळचाच समजा.

आमचा नंबर सतरा. समोरच्या खुर्चीवर एक आजोबा होते, त्यांचा अकरा. पांढरा लेंगा, टोपी, मांडीवर एक्स-रेचा भलामोठा लिफाफा. आतलं दार उघडलं की आजोबा लिफाफा सावरत उभे राहायचे. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "बसा आजोबा, सांगते." ते बसायचे. दार पुन्हा उघडलं की पुन्हा उभे. असं पाच-सहा वेळा झाल्यावर ते उभे राहीनात, नुसते खुर्चीत पुढे सरकायचे. मग नुसती मान वर. साडेअकराच्या सुमाराला दार उघडलं तेव्हा त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

आणि मग आला नंबर तेवीस. चाळिशीचा असेल, हातात गाडीची किल्ली. आधी त्याने नीट विचारलं, किती वेळ लागेल. मुलगी फोनवर होती, तिने बघितलं नाही. मग जरा मोठ्याने विचारलं, तिने मान वर केली. मग "आम्ही काय दिवसभर इथंच बसायचं का?" त्यावर "दहा मिनिटं सर." मग किल्ली काउंटरवर आपटली, अशी की बाकावरचं एक बाळ दचकून रडायला लागलं. "सर, तुम्ही जा आत."

तेवीस नंबर आत. अकरा नंबर खुर्चीत.

मी उठणार होते. आईने हात धरला. "जाऊ दे गं." रिक्षात बसल्यावर म्हणते कशी, हल्ली माणसं फार उद्धट झालीत. झालीत? आपोआप झालीत? आई, तुझ्या डोळ्यांदेखत वीस मिनिटांत एक माणूस उद्धट करून दिला त्यांनी, पायरीपायरीने! मला तर सबंध वेळ आमची चंद्री दिसत होती.

चंद्री म्हणजे गावाकडची, आजीच्या घरची म्हैस. गाव कागल तालुक्यातलं. मी सहावीत असेन, मे महिन्याची सुट्टी. आजीच्या मनगटाला लागलं होतं म्हणून धार काढायचं काम धाकट्या काकांकडे आलं. ते तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे, हात नवखा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चंद्रीने लाथ झाडली, चरवी कलंडली, दूध शेणात. काका घाबरले. डेअरी बंद व्हायच्या आत दूध घालायचं होतं. त्यांनी पळत जाऊन ओंजळभर सरकी पेंड आणून तिच्यापुढे टाकली. ती खायला लागली, शांत उभी राहिली, काकांनी भराभर धार काढली. काम झालं की नाही? झालं. दुसऱ्या दिवशी चंद्रीने परत लाथ झाडली. परत पेंड. आठवड्याभरात अशी तऱ्हा, की काका चरवी घेऊन खाली बसले की ही पाय उचलायची आणि मान वळवून मागे बघायची. लाथ मारायचीसुद्धा नाही हो, नुसता पाय उचलायची. काका पेंड आणायला पळायचे.

आजी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "लाथंला पेंड घालतोयस व्हय रं? मग लाथच वाढंल, दूध न्हाई."

बी.एड.ला मला हेच "साधक अभिसंधान" या नावाने शिकवलं. दहा गुणांना यायचं. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरं लाकडी पेटीत कोंडली, बाहेर खाणं ठेवलं. मांजर ओरबाडतं, चावतं, धडपडतं, कधीतरी चुकून खटका पडतो आणि दार उघडतं. पुढच्या वेळी जरा लवकर, त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. ज्या कृतीनंतर बरं काही मिळतं ती कृती टिकते, याला त्याने परिणामाचा नियम म्हटलं. चाळीसेक वर्षांनी स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने तेच उंदरांवर बारकाईने मोजलं, उंदराने खटका दाबला की खाणं, त्याचं पुस्तक १९३८ चं. आजी दुसरी शिकलेली. तिने गोठ्याच्या दारात उभं राहून एका वाक्यात सांगितलं, आणि तिला कुणी दहा गुण दिले नाहीत.

यात एक गोष्ट लोक नेहमी चुकतात, म्हणून सांगते. पेंड वाईट नाही. आजीसुद्धा धारेच्या आधी आंबोण ठेवायचीच, कोण नाही ठेवत? प्रश्न पेंड कशाच्या पाठोपाठ आली याचा आहे. स्किनरने कबुतरांना गोल फिरायला शिकवलं ते असंच. आधी मान जराशी डावीकडे वळली तरी दाणा. मग तेवढ्यावर दाणा बंद, पाव फेरी मारली तर दाणा. मग अर्धी. थोड्याच वेळात कबुतर पूर्ण गिरकी घेतं. आता काउंटर आठवा. नीट विचारलं, काही नाही. आवाज चढवला, मान वर. आणखी चढवला, "सर". किल्ली आपटली, दार उघडलं. यात आणि कबुतरात काय फरक आहे मला सांगा. कबुतराने निदान गाडी नो पार्किंगमध्ये लावली नव्हती.

हो, कदाचित त्याचं आधीच फोनवर ठरलेलं असेल, किल्ली आपटली नसती तरी तो आत गेलाच असता. असेलही. त्याने काही बदलत नाही. १९४८ मध्ये स्किनरने भुकेल्या कबुतरांना ठरावीक सेकंदांनी आपोआप दाणा मिळेल अशी सोय केली, काही करा किंवा करू नका. तरी त्यातली बरीचशी कबुतरं काहीतरी करत बसली. एक गोल फिरतंय, एक कोपऱ्यात डोकं खुपसतंय, दोघं लंबकासारखी डुलतायत. दाणा यायच्या क्षणाला जे चाललं होतं तेच धरून ठेवलं. म्हणजे त्या गृहस्थाचा नंबर तसाही लागणार असेल, तरी घरी जाताना तो हेच शिकून गेला की किल्ली आपटली म्हणून लागला. उद्या बँकेत आपटेल. परवा मुलाच्या शाळेत.

आता माणूस म्हणजे म्हैस नव्हे, हे कुणीतरी लिहिणारच, तर मीच लिहिते. मान्य. म्हैससुद्धा नुसतं यंत्र नसते. स्किनरचेच विद्यार्थी, ब्रेलँड नवरा-बायको, जनावरं शिकवण्याचा धंदा करायचे. रॅकून नावाच्या प्राण्याला त्यांनी नाणं डबीत टाकायला शिकवलं. एक नाणं असेपर्यंत जेमतेम जमलं. दोन नाणी दिल्यावर पठ्ठ्या ती एकमेकांवर घासत बसला, डबीत टाकेचना, खाणं बुडालं तरी. खाण्याची वस्तू हातात चोळायची त्याची उपजत खोडच ती. त्यांनी १९६१ मध्ये प्रामाणिकपणे लिहून टाकलं की बक्षिसाने सगळं होत नाही. ठीक आहे. पण काउंटरवर किल्ली आपटणं ही कुणाची उपजत खोड नव्हे. ती शिकवावी लागते.

मघापासून त्या मुलीला मनातल्या मनात बरंच काही बोलून झालं. आता चहा घेतला, जरा निवले, तर तिचा चेहरा समोर येतोय. बावीस-तेवीसची असेल. एका कानाला फोन, दुसरा फोन वाजतोय, आतून डॉक्टरांची बेल, समोर हा उभा. तिने त्याला आत सोडलं आणि आवाज बंद झाला. तिला त्या क्षणी काय मिळालं? शांतता मिळाली. याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि बी.एड.च्या निम्म्या गाइडांत त्याचा अर्थ "शिक्षा" असा छापलेला असतो, तो चूक आहे. शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट थांबते म्हणून आपली कृती पक्की होते. गाडीत पट्टा लावेपर्यंत टुंगटुंग वाजतं, लावला की थांबतं, म्हणून आपण पट्टा लावतो. तिने पट्टा लावला, दुसरं काय. तो तिच्याकडून शिकत होता आणि ती त्याच्याकडून. काकांचं तरी काय वेगळं होतं? आम्हा पोरांना वाटायचं काका म्हशीला वळण लावतायत. खरं तर चंद्रीने पाय उचलला की एकोणीस वर्षांचा बाप्या पेंडीच्या पोत्याकडे पळायचा. कुणी कुणाला वळण लावलं?

चंद्रीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

आजीने हुकूम काढला. चारही पाय टेकून उभी असेल तरच पेंड. लाथ झाडली की घमेलं उचलायचं आणि बाजूला व्हायचं, बोलायचं नाही, मारायचं तर नाहीच. पहिले तीन दिवस नुसता कहर. चंद्री आधी एक लाथ मारायची, ती आता चार-चार मारायला लागली. दाव्याला हिसके काय, हंबरणं काय, शेपटीचे फटके काकांच्या तोंडावर. काका म्हणाले, "आई, हे उलटंच व्हायला लागलंय." नेमकी इथेच सगळी माणसं हार मानतात. जे इतके दिवस मिळत होतं ते बंद झालं की आधी जोर वाढतो, मग हळूहळू ओसरतो. त्याला विलोपन म्हणतात, पण त्याच्या आधीची ही उसळी परीक्षेत कुणी विचारत नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी डेअरीची वेळ टळत आली, काकांचा धीर सुटला आणि त्यांनी लाथ खाऊन गुपचूप ओंजळभर पेंड टाकली. एकदाच.

त्या एका ओंजळीने पुढचे पंधरा दिवस खाल्ले. रोज मिळत असेल आणि एकदम बंद झालं, तर जनावर लवकर सोडून देतं. अधूनमधून मिळत असेल तर सोडत नाही, आज नाही तर उद्या मिळेल म्हणून लाथा मारत राहतं. स्किनरला ही गोष्ट काहीशी आळसातून सापडली. उंदरांना द्यायच्या खाण्याच्या गोळ्या तो स्वतः हाताने बनवायचा, एका शनिवारी पुरणार नाहीत असं दिसलं, तेव्हा दर खटक्याला देण्याऐवजी मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. उंदीर दाबतच राहिले. जुगाराची मशीन याच तत्त्वावर चालतात. मोबाईलवरच्या लाइकचं मी लिहीत नाही. ते लिहिलं की तुम्ही लाइक करणार आणि मी दर पाच मिनिटांनी बघणार.

"पण ताई, ओरडल्याशिवाय इथे काही मिळतच नाही." हो, नाही मिळत. तेच तर मी मघापासून सांगतेय! आमच्या सोसायटीत टँकर आला की पहिलं पाणी कुणाच्या विंगला जातं? जिथून अध्यक्षांना शिव्या येतात तिथे. ऑफिसात रजा कुणाला मिळते? आणि जो मुकाट्याने काम करतो त्याला काय मिळतं? त्याच्या शेजारच्याचं काम. मग दिवाळीत भाषण, आपल्याकडे शिस्त राहिली नाही. कशी राहील, शिस्तीला कधी ओंजळभर तरी घातलीत? शांत माणसाला मी स्टार द्या, टाळ्या वाजवा म्हणत नाही. त्यातही गोची आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत बालवाडीच्या ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायची त्यांना "काढलंत तर बक्षीस" असं आधीच कबूल करून दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती आधीपेक्षा कमी काढायला लागली. स्टार नकोच. अकरा नंबरला अकरावा आत घ्या. एवढंच.

त्या आजोबांचं पहिलं ते उभं राहणं डोळ्यांपुढून जात नाही. लिफाफा छातीशी धरून, टोपी सारखी करून. शेवटी ते मान वरही करत नव्हते. चार तास काही केलं तरी काही होत नाही हे त्यांच्या अंगात मुरलं. आणि आई? "जाऊ दे गं" हे तिला कुणी शिकवलं? ती ओरडली असती तर सासरी काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. तिला लाथेचीसुद्धा पेंड कधी मिळाली नाही, नुसतं दावं आखडलं गेलं.

मी तरी कोण मोठी लागून गेले? धाकट्याने मघाशी दोनदा येऊन सांगितलं, "आई, भूक लागलीय." "थांब, लिहितेय." तिसऱ्या वेळी त्याने स्टीलचा डबा जमिनीवर आपटला. उठले, पोळीचा रोल करून दिला. देता देता कळलं. पण मूल भुकेलं होतं, परत घेणार होते काय?

हे सगळं टाइप करून झाल्यावर काकांना फोन लावला, दिवस बरोबर लिहिलेत ना विचारायला. आता सत्तावन्न-अठ्ठावन्नचे आहेत, गोठा गेला, मुलं पुण्याला. मी ओंजळीचं सांगितलं तर केवढ्याने हसले. म्हणाले, "अगं, मी एकदाच टाकली, ती सगळ्यांनी बघितली. तुझी आजी रोज रात्री समद्यांची निजानीज झाली की गोठ्यात जायची. चंद्री लाथा घालत असायची, ही तिच्या मानेला हात लावायची आणि पदरातनं मूठ-मूठ चारायची. म्हणून तर पंधरा दिवस लागले."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

"आईला कोण बोलणार?"