दारात बोट

सांगलीत गावभागातल्या आमच्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं. मध्ये दोन पायऱ्या, त्याही आमच्या म्हणायच्या एवढंच. दुपारी दोन ते चार तिथं कुत्रं झोपतं, बाकीचा वेळ माणसं बसतात. मी आत बसून चहा ढवळला तरी बाहेरून आवाज येतो, "काका, साखर परत सुरू केली वाटतं?" छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. त्या काळात खरा एकांत मिळाला तो स्ट्राँगरूममध्ये.

त्यामुळं लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून पोरानं सिएटलहून फोन केला, "जूनमध्ये तुम्हा दोघांना अलास्काच्या क्रूझवर पाठवतो," तेव्हा हिला बर्फाचे डोंगर दिसले, सुनेला देवमासे दिसले आणि मला कडी लावता येईल अशी एक खोली दिसली.

"खोली मात्र तुम्हीच निवडा," पोरगा म्हणाला. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ. ऐन स्वयंपाकाच्या वेळी जहाजाचा नकाशा आला. मी तो छापून आणून जमिनीवर पसरला आणि दोन मजले बघून होतात तोवर हिनं त्यावरच मेथी निवडायला घेतली.

तर खोल्या चार तऱ्हेच्या. पहिली पोटातली, खिडकीच नाही. आमच्या देवघरामागची अडगळीची खोली बरी. दुसरीला खिडकी, पण ती उघडत नाही. तिसरीला बाल्कनी, फक्त तुमची. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी पोरगा म्हणाला, "बाबा, अजून एक प्रकार आहे. आईला आवडेल."

ही चौथी खोली फिरण्याच्या डेकवर असते. हा डेक म्हणजे जहाजाला गोल प्रदक्षिणा घालणारी रुंद, लाकडी वाट. खोलीला सरकतं काचेचं दार, आणि ते दार सरळ या वाटेवर उघडतं. समोर कठडा, कठड्यापलीकडं समुद्र. दाराबाहेर तुमच्या खोलीच्या नंबरची पाटी लावलेल्या दोन आरामखुर्च्या. वाट मात्र अख्ख्या जहाजाची. अशा खोलीला 'लनाई' म्हणतात. हवाई बेटांवरचा शब्द आहे, अर्थ पडवी.

"एवढे पैसे मोजून पडवी?" मी म्हटलं.

ही मेथी टाकून पुढं सरकली. "म्हणजे अगदी आपल्यासारखंच की!"

तेच तर दुखणं होतं. त्या वाटेच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की मैल भरतो म्हणे. म्हणजे पहाटे चालायला निघालेला माणूस दर पाच-सहा मिनिटांनी आपल्या दारावरून जाणार. आमराईत सकाळी फिरणारी मंडळी मी ओळखून आहे. पहिल्या फेरीला नमस्कार, दुसरीला गुडघे, तिसरीला पेन्शन. ती निदान घरात तरी डोकावत नाहीत.

"बाहेरून काही दिसत नाही, काच आरशासारखी असते," इति चिरंजीव.

बँकेतल्या माणसानं तोंडी शब्दावर व्यवहार करू नये. मी मारुती रोडवरून काचेला चिकटवायची तसलीच फिल्म आणली आणि साबणाच्या पाण्यानं बाहेरच्या खोलीच्या खिडकीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला खिडकीसमोर थांबला. खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, मोडला, पुन्हा पाडला. मग अगदी काचेला नाक लावून, ओठ वर ओढून दातात अडकलेलं काहीतरी नखानं काढू लागला. आत हातभर अंतरावर मी कपबशी घेऊन बसलो होतो. छत्तीस वर्षांत स्ट्राँगरूमनंही हे सुख दिलं नव्हतं. मी हिला हाक मारून दाखवलं.

त्या भरातच मी संध्याकाळी घोटाळा केला. अलास्कासाठी आणलेली लोकरी आतली विजार घालून बघायची होती. दिवा लावला, बनियनवर उभा राहिलो आणि काचेत कसा दिसतो ते वळून वळून पाहू लागलो. तेवढ्यात पलीकडच्या कट्ट्यावरून अण्णांचा आवाज आला, "काका, कमरेत सैल होतीय की ओ! नाडी घालून घ्या!"

त्या काचेत जादू काही नसते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला ती आरसा होते. दिवसा रस्त्यावर उजेड, म्हणून रस्त्यानं भांग पाडायचा. रात्री उजेड आमच्या खोलीत, म्हणून खोलीतल्या माणसाचा तमाशा. दूधवाल्याचा हिशेब अण्णांनी बारा तासांत चुकता केला.

मी पोराला हे सगळं सांगितलं, विजार सोडून. तो हसून म्हणाला, "अहो बाबा, जूनमध्ये अलास्कातल्या जुनो गावी सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. तुम्ही नऊला झोपता. आणि पडदे असतात की."

यावर मला उत्तर सुचेना, म्हणून मी बाल्कनीच्या बाजूनं नवी फळी उघडली. तीही टिकली नाही. बाल्कन्या बहुतेक वरच्या मजल्यांवर, आणि जहाज वर जास्त डुलतं. खाली आणि मधोमध सगळ्यात कमी. ही आंबा घाटात तिसऱ्या वळणाला पिशवी मागते. फिरण्याचा डेक खालच्या अंगाला, आणि मधली एक खोली रिकामी होती. पुन्हा बाल्कनीपेक्षा स्वस्त. माझ्याच पेशानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

तरी मी नेट धरून होतो. शेवटी हिनं नकाशावरची मेथी बाजूला केली आणि चष्मा लावून विचारलं, "हे दारासमोर लांबट लांबट काय काढलंय?"

"लाइफबोटी. तिथं डोक्यावर टांगलेल्या असतात. वेळ आली तर याच डेकवरून त्यात चढायचं."

ही गप्प झाली. मीही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमच्या खालच्या खोल्यांत पाणी, आम्ही माडीवर. दुसऱ्या दिवशी गल्लीतून बोट आली. आमच्या पायऱ्या जिथं असायला हव्यात त्यांच्यावरून येऊन ती समोरच्यांच्या माडीला लागली, भरली, आणि निघताना आतून कुणीतरी ओरडलं, "तुम्ही पुढच्या बोटीत!" पुढची बोट येईपर्यंत हिनं हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली नव्हती.

"हीच खोली घ्यायची," ही म्हणाली. "चालणारे चालू देत. तुमची विजार बघू देत. बोट दारात पाहिजे."

मी टायटॅनिकचा दाखला काढला, का ते मलाही माहीत नाही. १९१२ साल, जहाजावर २२०० च्या वर माणसं, बोटी २०, त्यांत जागा ११७८. असला ताळेबंद मी कधी पास केला नसता. हिनं तो आपल्याच बाजूनं जमा करून घेतला. "बघा! म्हणजे दारातच पाहिजे."

पोरानं त्याच रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, पैसे भरले. मी खिडकीची फिल्म ब्लेडनं खरवडायला घेतली. दूधवाल्यानं "राहू द्या की," म्हणून गळ घातली. ही भडंगाच्या पुड्या बांधत होती. पोरगा फोनवर जहाजावरच्या गोष्टी सांगत होता. जेवणाच्या वेळा, कार्ड, सुटण्याआधीची कवायत.

"कवायत कसली?"

"संकट आलं तर कुठं जमायचं, ते तुमच्या कार्डावर लिहिलेलं असतं. तिथं आधी जाऊन दाखवायचं. दारासमोरची बोट तुमचीच असेल असं नाही हं आई. कदाचित पलीकडच्या बाजूची मिळेल."

हिच्या हातातला दोरा तसाच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे पुढच्या बोटीत," ती म्हणाली, आणि औषधांची पिशवी भडंगाच्या वर, लगेच हाताला येईल अशी ठेवली.