"संबंध होतेच की!" म्हणजे नेमके कसले?

परवा जेवताना मामा म्हणाले, "काही म्हण, इराकच्या सद्दामचे बिन लादेनच्या अल-कायदाशी संबंध होतेच की. धूर होता म्हणजे आग असणारच." मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मामा, हे तुमच्यासाठी लिहितेय, आणि थोडं माझ्यासाठीही.

कारण २००३ मध्ये माझाही त्यावर विश्वास बसला होता. अमेरिका इराकवर हल्ला करण्याच्या तयारीत होती. ५ फेब्रुवारीला तिचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोलले, मागच्या खुर्चीत सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट बसलेले. इराककडे अँथ्रॅक्ससारखं अस्त्र असल्याचं पटवायला पॉवेलनी हातात धरलेली ती छोटी कुपी सगळ्यांना आठवते. मला आठवतो तो त्यानंतरचा भाग, सद्दामचं सरकार आणि अल-कायदा यांच्या लागेबांध्यांचा. इतका जबाबदार माणूस जगासमोर उभा राहून सांगतोय, म्हणजे हाताशी काहीतरी भक्कम असणारच, असं वाटलं होतं.

आता आधी जे खरं आहे ते सांगते. सद्दाम हुसेन काही साधू नव्हता. अबू निदालसारखा कुख्यात दहशतवादी २००२ मध्ये मेला तो बगदादमध्येच. पॅलेस्टिनी आत्मघातकी हल्लेखोरांच्या कुटुंबांना सद्दामचं सरकार २५ हजार डॉलर देत होतं. इराकी गुप्तहेर खात्याचा एक अधिकारी नव्वदच्या दशकात सुदानमध्ये ओसामा बिन लादेनला भेटला होता, हेही चौकशीत पुढे आलं. मामा, तुमचा धूर तो हाच.

पण अमेरिकेच्या लोकांना सांगितलं गेलं ते वेगळंच. इराकने अल-कायदाच्या माणसांना बॉम्ब, विष आणि घातक वायूंचं प्रशिक्षण दिलं, असं राष्ट्राध्यक्ष बुश ऑक्टोबर २००२ मध्ये ठामपणे म्हणाले. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांचा म्होरक्या मोहम्मद अता एप्रिल २००१ मध्ये प्रागला इराकी अधिकाऱ्याला भेटला, ही गोष्ट उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर सांगत राहिले. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाने २००४ मध्ये ती भेट झाली असं मानायला नकार दिला. अता त्या दिवसांत अमेरिकेतच असल्याच्या खुणा होत्या.

झरकावीचं तर विचारूच नका. या जॉर्डनच्या दहशतवाद्याला पॉवेलनी सद्दाम आणि अल-कायदामधला दुवा म्हणून पुढे केलं. पॉवेलनी उपग्रहाचा फोटो दाखवला तो खुरमालजवळच्या तळाचा. तो भाग इराकच्या कुर्दी पट्ट्यात, सद्दामच्या ताब्याबाहेर! हे खुद्द पॉवेलनीही त्याच भाषणात मान्य केलं होतं. २००६ चा अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीचा अहवाल सांगतो की सद्दामचं सरकार उलट झरकावीला पकडायला शोधत होतं, आणि बिन लादेनच्या माणसांवर सद्दामचा काडीचाही भरवसा नव्हता. झरकावीने बिन लादेनशी निष्ठा जाहीर केली ती ऑक्टोबर २००४ मध्ये, म्हणजे युद्ध होऊन, सद्दाम तुरुंगात गेल्यावर.

मग त्या प्रशिक्षणाच्या आरोपाला आधार काय होता? एक माणूस. अफगाणिस्तानात दहशतवाद्यांचा प्रशिक्षण तळ चालवणारा इब्न अल-शेख अल-लिबी. २००१ च्या शेवटी तो पकडला गेला आणि अमेरिकेने त्याला इजिप्तच्या ताब्यात दिलं. तिथे काय झालं ते त्याने नंतर सीआयएला सांगितलं आणि ते सिनेटच्या अहवालात छापलेलं आहे. जेमतेम ५० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या पेटीत त्याला सुमारे १७ तास कोंडलं. बाहेर काढून मारलं. मग त्याने गोष्ट रचली: अल-कायदाची तीन माणसं अण्वस्त्रांचं शिकायला इराकला गेली होती. ऐकणारे खूश झाले. गोष्ट खरी वाटावी म्हणून त्याने ओळखीच्या माणसांची नावं घातली. पुढे जैविक अस्त्रांबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याला काही रचताच येईना, कारण 'जैविक' म्हणजे काय हेच त्याला कळत नव्हतं.

हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. पेटीतला माणूस सुटका व्हावी म्हणून काहीही बोलेल, यात नवल नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये लिहून ठेवलं होतं की हा माणूस बहुधा मुद्दाम दिशाभूल करतोय. पॉवेलच्या भाषणाच्या वर्षभर आधी! तरी त्याचं बोलणं सुरक्षा परिषदेपर्यंत पोहोचलं, नाव न घेता, 'एका वरिष्ठ दहशतवाद्याची हकीकत' म्हणून.

म्हणून मामा, 'संबंध' हा शब्द ऐकला की मी आता अडून बसते. भेट झाली, की आसरा दिला, की पैसे दिले, की कट रचला? एकाचा पुरावा दाखवून दुसरं गळी उतरवता येतं, आणि तेच झालं. ऑगस्ट २००३ च्या एका पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होतं की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता आहे. पुढच्याच महिन्यात बुशनी सांगितलं, तसा कुठलाही पुरावा आमच्याकडे नाही. तोवर बगदाद पडून पाच महिने झाले होते.

अल-लिबीने जानेवारी २००४ मध्ये आपलं बोलणं मागे घेतलं. पुढे त्याला लिबियाच्या हवाली केलं. मे २००९ मध्ये तिथल्या तुरुंगात तो मेलेला सापडला. आत्महत्या, असं तिथल्या सरकारने सांगितलं.