दहा कोर्सांत कॉम्प्युटर सायन्स मावते

मुलांना अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या पालकांमध्ये एक मजकूर फिरतो : ‘लहान लिबरल आर्ट्स कॉलेजातले कॉम्प्युटर सायन्स म्हणजे अर्धी डिग्री. बत्तीस कोर्सांपैकी विषयाचे दहा-बारा, प्राध्यापक चार, आणि शिकवतात जुन्या भाषा.’ (लिबरल आर्ट्स कॉलेजात मुख्य विषयाबरोबर इतर अनेक विषयांचेही कोर्स घ्यावे लागतात; ‘भाषा’ म्हणजे प्रोग्रामिंगच्या.) आकडे बरेचसे बरोबर आहेत. निष्कर्ष चूक आहे.

आधी तासांचा हिशेब. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थांच्या २०१३ च्या अभ्यासक्रम-शिफारशींत गाभ्याचे, म्हणजे आवश्यक भागाचे, दोन थर आहेत. पहिला १६५ व्याख्यान-तासांचा, पूर्ण आवश्यक. दुसरा १४३ तासांचा, त्यातला किमान ८० टक्के. बेरीज सुमारे २८० तास. आठवड्याला ३ तास आणि १४ आठवडे धरले, तर एक कोर्स ४२ तासांचा होतो. म्हणजे गाभ्याला सात कोर्स. परीक्षा आणि उजळणी धरून आठ म्हणू. दहा कोर्सांत तरीही दोन ऐच्छिक विषय बसतात. २०२३ च्या शिफारशींत तर सर्वांसाठीचा गाभा २७० तासांचाच आहे.

प्राध्यापकांची अडचण मात्र खरी आहे. चौघांनी वर्षाला प्रत्येकी पाच कोर्स घेतले तर २० तुकड्या होतात. पहिल्या कोर्सच्या सहा, दुसऱ्याच्या चार, डेटा स्ट्रक्चर्सच्या (माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) तीन, अल्गोरिदम्सच्या (उत्तर काढण्याच्या रीती) दोन गेल्या की उरतात पाच. एक जण अभ्यासरजेवर गेला की त्याही संपतात. बदली माणूस नेमावाच लागतो. म्हणून वरचे विषय एक वर्षाआड ठेवतात. घोळ होतो तो इथे : कंपायलर्स (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी साधने) या विषयासाठी आधी ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकण्याची अट घातली आणि दोन्ही वर्षाआड असले, तर तिसऱ्या वर्षी परदेशी सत्राला गेलेल्या विद्यार्थ्याची साखळीच तुटते. वरच्या विषयांना डेटा स्ट्रक्चर्सएवढीच पूर्वअट ठेवली, की दुसऱ्या वर्षी विषयाकडे वळलेल्यालाही डिग्री वेळेत पुरी करता येते.

‘जुन्या भाषा’ हा आक्षेप तर उलटाच आहे. ग्रिनेल कॉलेजने अनेक वर्षे पहिले तीन कोर्स स्कीम, सी आणि जावा या प्रोग्रामिंग भाषांत घेतले, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या तीन वेगळ्या पद्धती : फंक्शनल, इम्परेटिव्ह, ऑब्जेक्ट ओरिएंटेड. शाळेत जावा शिकून आलेला आणि कोरी पाटी घेऊन आलेला, दोघेही, दोघांनाही नव्या असलेल्या स्कीमपाशी जवळपास एकाच रेषेवर उभे राहतात. पुढे सीमध्ये मेमरी स्वतः सांभाळावी लागते, तेव्हा यंत्र खरोखर कळू लागते.

कॉलेज निवडताना गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष शिकवलेल्या कोर्सांची यादी आणि पुढच्या दोन वर्षांचे वेळापत्रक मागा. माहितीपत्रकात बारा ऐच्छिक विषय आणि वेळापत्रकात दोनच असतील, तर त्या कॉलेजापुरती शंका रास्त आहे.